खाडीचं पुस्तक कुठे मिळेल?

«मी मूळची बीड जिल्ह्यातली. तीन वर्षांपूर्वी चिपळूण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. सहावी-सातवी माझ्याकडे आहे, पट एकोणीस. यंदा केंद्रप्रमुखांनी स्थानिक पर्यावरणावर वर्षभराचा उपक्रम घ्यायला सांगितलाय. शाळेच्या मागेच वाशिष्ठीची खाडी आहे, म्हणून खाडी आणि तिचं पाणलोट घ्यावं असं मनात आलं. पण साहित्यच नाही. पाठ्यपुस्तकात खाडीची व्याख्या तेवढी आहे. इंटरनेटवर शोधलं तर सगळं इंग्रजी. पानं सुंदर, रंगीत, पण त्यांत सामन मासे आणि बीव्हर. मला पोहता येत नाही, भरती कधी येते ते कळत नाही, पोरं हसतात. शिवाय काही मुलांचे वडील लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत कामाला जातात आणि काहींचे खाडीत जाळं टाकतात. त्यामुळे पाण्याबद्दल वर्गात बोलायचीच भीती वाटते. साहित्य कुठे मिळेल? आणि मी हा विषय घ्यावा का?»
– एक शिक्षिका, चिपळूण तालुका

मॅडम,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. घ्या. आणि बीडच्या आहात म्हणून मागे राहू नका. ते तुमच्या पत्रात कमीपणा असल्यासारखं आलंय, मला ते भांडवल वाटतं. पाणलोट, म्हणजे ज्या भागातलं पाणी उतरून एका ओढ्या-नदीला मिळतं तो सगळा भाग, हा शब्द तुमच्याकडे पारावर बसलेला माणूसही सहज वापरतो. माथा ते पायथा, समतल चर, नाला बांध, शेततळं हे सगळं तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. आमच्या कोकणात हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. चिपळुणात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे बीडच्या साधारण पाचपट. एवढं पाणी डोळ्यांदेखत वाहून जातं, तेव्हा ते कुठून कुठे गेलं हे विचारायचं कुणाला सुचत नाही. आणि त्याच गावातल्या वरच्या वाड्या मे महिन्यात टँकरची वाट बघत असतात. हे कोडं तुम्हाला दिसतं, आम्हाला सवयीने दिसेनासं झालंय. वर्गाची सुरुवात तिथूनच करा. मुलांना सांगा, माझ्या गावात तुमच्या पाचव्या हिश्शाचा पाऊस पडतो आणि तरी तुमच्याकडेही मे महिन्यात पाणी नाही, असं का? मग गप्प बसा. काय काय उत्तरं येतील ती फळ्यावर लिहा, एकही पुसू नका.

आता साहित्य. पहिला महिनाभर काहीही डाउनलोड करू नका. मी स्वतः दुसऱ्या एका खाडीच्या काठी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली पहिली दहा वर्षं तक्ते जमवण्यात घालवली. अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट नाही. तक्ते होते, त्यावर बेडकाचं जीवनचक्र होतं, आणि खिडकीबाहेर पहिल्या पावसात चढणीचे मासे वहाळातून शेतात घुसत होते. मुलं खिडकीकडे बघायची आणि मी पट्टी आपटायचो.

शाळेच्या छपरापासून सुरू करा. पाऊस पडत असताना मुलांना व्हरांड्यात उभं करा आणि एकच पागोळी निवडा. ती पडते कुठे? तिथून पाणी कुठल्या बाजूला सरकतं? परड्यातून, गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या भोकातून, रस्त्याच्या कडेच्या गटारात, तिथून पऱ्यात, म्हणजे छोट्या ओहोळात. पाऊस थांबला की त्याच वाटेने चालत जा. एका मुलाच्या हातात कागद द्या, दुसऱ्याच्या हातात वाळलेली पानं. पान टाकायचं, पानामागून चालायचं, पान अडकलं की का अडकलं ते लिहायचं. शंभर-दोनशे पावलांत वाहत्या पाण्याचा सगळा धडा होतो. उतारावर पाणी लाल होतं आणि गवतातून गेलं की निवळतं, वळणावर आतल्या बाजूला रेती साचते, आणि कुणीतरी पऱ्यात टाकलेली प्लास्टिकची पिशवी पाणी अडवून शेजाऱ्याच्या परड्यात घालते. पऱ्या वहाळाला मिळतो आणि वहाळ खाडीला, हे मुलांना माहीत असतंच. पण आपल्या छपरापासून खाडीपर्यंत ही एकच रेघ आहे, हे ती चालल्याशिवाय कागदावर उतरत नाही. हा त्यांचा पहिला नकाशा. तो वाकडातिकडा असू द्या.

दुसरं, भरती. पोरं हसतात म्हणालात, तर माझी गोष्ट ऐका. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी सातवीचा वर्ग मधल्या सुट्टीनंतर खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या चिखलाच्या जागेत, नेला. कालवं, चिंबोऱ्यांची बिळं, तिवरांची मुळं, सगळं दाखवायचं होतं. जाताना एक घोटाभर पाण्याची ओघळ ओलांडली. तासाभराने परत फिरलो तर तीच ओघळ कमरेएवढी. सव्वीस मुलं पलीकडे आणि मी त्यांच्यात. कालवं काढून परतणाऱ्या एका म्हातारीने हाक मारून होडी बोलावली. मुलं दोन खेपांत अलीकडे आली. म्हातारी मला म्हणाली, "मास्तर, आज षष्ठी. साडेचाराला भरती. तुमच्या शालंत पंचांग नाय काय?"

तो हिशेब मी त्या दिवशी शिकलो. तुम्ही आजच शिकून घ्या. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याला तीनने गुणायचं, चाराने भागायचं. जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. षष्ठीला सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. दिवसातून दोनदा भरती, मधे साडेबारा तासांच्या आसपास अंतर. पूर्ण भरतीपासून सहा-सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी, पुरी होते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार सगळ्यात कमी. हिशेब ढोबळ आहे, पाऊण तास इकडेतिकडे होतं. शिवाय तो किनाऱ्यावरचा आहे. दाभोळच्या तोंडातून आत शिरलेलं पाणी तुमच्या गावापर्यंत चढायला आणखी वेळ घेतं. किती घेतं, हे कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. तुमच्या शाळेने ते शोधून काढायचं.

त्यासाठी लागते एक पट्टी. गावच्या जेट्टीच्या खांबावर सुकतीच्या वेळी कुणातरी मोठ्या माणसाकडून दर दहा सेंटिमीटरला रेघ मारून घ्या. पांढरा ऑइल पेंट, काळे आकडे, वर धक्क्यावरून वाचता येतील एवढे ठळक. मुलांनी पाण्याजवळ जायचं नाही, वरूनच वाचायचं. आठवड्यातून एक दिवस, शनिवारी सकाळी, दर अर्ध्या तासाला नोंद. शाळांना आनंददायी शनिवार मिळालाय, तो यात घाला, कुणी हरकत घेणार नाही. नारळी पौर्णिमेच्या आसपास सुरुवात केलीत तर पहिलंच वाचन उधाणाचं मिळेल. दिवाळीपर्यंत मुलांकडे स्वतःचं भरतीचं वेळापत्रक असेल, आणि पंचांगातल्या हिशेबाशी त्याचा फरक किती, तेही. त्रैराशिक, आलेख, चंद्राच्या कला हे सगळं त्या एका पट्टीतून निघतं.

तिसरं साहित्य म्हणजे शब्द. एक दोनशेपानी वही घ्या आणि वर्गाच्या दारात टांगून ठेवा. घरी ऐकलेला पाण्याचा, चिखलाचा, माशाचा, झाडाचा शब्द आणायचा आणि वहीत लिहायचा, शेजारी कुणाकडून ऐकला ते. खाजण, कोंड, डोह, पऱ्या, वहाळ, सडा, मळा, वायंगण, भांग, सुकती, वळगण. एकाच माशाला खालच्या वाडीत एक नाव आणि वरच्या वाडीत दुसरं, असं निघेल. भांडू द्या. प्रमाण नाव कोणतं ते तुम्ही ठरवू नका, दोन्ही लिहा. तुम्हाला यातले निम्मे शब्द कळणार नाहीत आणि इथेच पोरांचं हसणं थांबेल, कारण आता शिकवणारी ती आणि वही धरणाऱ्या तुम्ही. तरीवरचा, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीवरचा तांडेल, मासे विकायला येणारी बाई, खारबंधारा राखणारा शेतकरी यांना एकेकदा वर्गात बोलवा. पण भाषण करायला नाही. मुलांनी आधी पाच प्रश्न लिहून ठेवायचे आणि तेवढेच विचारायचे.

एवढं झालं की मग नकाशा हातात घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की एकास पन्नास हजार प्रमाणाचे भूपत्रक नकाशे मोफत उतरवता येतात. जुन्या क्रमांकात तुमचा भाग ४७ जी या गटात येतो. दाभोळच्या तोंडापासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत तीन-चार पत्रकं जोडावी लागतील. चिपळुणात मोठ्या कागदावर छापून घ्या. शाळा अनुदानात बसत नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीकडे मागा. हा खर्च मला कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त पटतो. नकाशा जमिनीवर अंथरा, वर बटर पेपर ठेवा. मुलांनी आधी सगळे निळे ओहोळ गिरवायचे, अगदी बारीकसुद्धा. मग दोन ओहोळांच्या मधली उंच जागा समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, बघून ठिपक्यांनी जोडत जायची. उत्तरेला सावित्रीचं खोरं सुरू होतं तिथे एक धार सापडेल, दक्षिणेला शास्त्रीच्या खोऱ्याच्या हद्दीवर दुसरी, आणि पूर्वेला सह्याद्रीचा माथा. खेडकडून येणारी जगबुडी आतच येते, तिलाही धरा. नावावरून मुलं विचारतीलच की नदीला असं नाव का, तर ते खेडच्या बाजारपेठेतल्या माणसाला विचारायला सांगा. ठिपके जुळले की वाशिष्ठीचं पाणलोट मुलांच्या हाताखाली तयार. इस्रोचं भुवन संकेतस्थळ नाहीतर गूगल अर्थ मोबाइलवर उघडून तीच धार वरून बघता येते. पण आधी हाताने, मोबाइल नंतर. क्रम उलटा झाला की मुलं फक्त आपल्या घराचं छप्पर शोधत बसतात.

आणि इथे एक गंमत आहे. ती तुमच्या वर्गासारख्या मोजक्याच वर्गांच्या वाट्याला येते. ठिपके जोडून झाल्यावर मुलांना विचारा, आपल्या खाडीतलं सगळं पाणी या धारेच्या आतलंच आहे का? ती हो म्हणतील. मग बोट सह्याद्रीच्या पलीकडे ठेवा, कोयनेच्या जलाशयावर. महाबळेश्वराला उगम पावणारी कोयना खरं म्हणजे पूर्वेची नदी. कराडला प्रीतिसंगमावर ती कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. पण १९६० च्या दशकापासून त्यातलं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला खाली उतरतं. तिथे वीज होते, पुढे कोळकेवाडीला त्याच पाण्यावर पुन्हा वीज होते, आणि मग ते अवजल म्हणून वाशिष्ठीत येतं. अवजल हा शब्द तुमच्या गावात कुणालाही विचारा, माहीत असेल. वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असं पश्चिमेकडे वळवायची परवानगी आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. गुणाकार मुलांकडून करून घ्या, शून्यं मोजताना मजा येते.

म्हणजे डोंगराने आखलेलं पाणलोट एक आणि माणसाने जोडलेलं दुसरं. बटर पेपरवर कोयनेचं खोरं लाल पेन्सिलीने वेगळं काढा. मग प्रश्नांची रांगच लागते. कोकणातल्या बाकी नद्या एप्रिलमध्ये डबक्यांवर येतात आणि वाशिष्ठी वाहत असते, ती का? वीजनिर्मिती वाढली की खालच्या नदीला पाणी किती वाढतं आणि किती वेळाने? धरणाआधी मे महिन्यात खारं पाणी कुठवर चढायचं? हा शेवटचा प्रश्न ऐंशीच्या पुढच्या आजोबांना विचारायचा आहे, आणि लवकर विचारायचा आहे. मला स्वतःला वाटतं, तुमच्या उपक्रमात दुसरं काही झालं नाही आणि एवढा एक नकाशा झाला तरी पुरे.

सरकारी साहित्य तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच आहे, फक्त ते शिक्षकांसाठी म्हणून कुणी एका जागी मांडलेलं नाही. बालभारतीची नववी-दहावीची जलसुरक्षेची पुस्तकं ई-बालभारतीवर आहेत. तुमचे वर्ग खालचे असले तरी उपक्रम उचलता येतात. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. सरळ बाजूंचा एखादा डबा घेऊन त्याला आतून पट्टी चिकटवा आणि शाळेचं पर्जन्यमापक करा. रोज प्रार्थनेनंतर दोन मुलांनी वाचायचं, आपल्या मंडळाच्या आकड्याशी ताडायचं. डबा खोल घ्या, जुलैत एका दिवसात दोनशे मिलिमीटर पडले तर उथळ डबा भरून वाहतो आणि मुलं रडकुंडीला येतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची १,५३१ पाणलोटं पाडून त्यांना क्रमांक दिलेत. त्यांच्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजली जाते. तुमच्या जवळची निरीक्षण विहीर कोणती ते रत्नागिरीच्या कार्यालयाकडून विचारून घ्या आणि त्याच महिन्यांत शाळेजवळची एक विहीर दोरी टाकून मोजा. दोरीला एक दगड आणि दर अर्ध्या मीटरला गाठ, आणि काठावर तुम्ही स्वतः.

ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. पाणी तपासायचा संच त्याच्याकडे किंवा प्रशिक्षण घेतलेल्या महिलांकडे असतो. त्यात एक छोटी बाटली असते, पाणी भरून एक-दोन दिवस ठेवली की दूषित पाणी काळं पडतं. हा प्रयोग मुलांच्या डोळ्यांसमोर बसतो. पण पहिली तपासणी शाळेच्या पाण्याची करा. कुणाच्या घरच्या विहिरीपासून सुरुवात केलीत आणि बाटली काळी पडली, तर ते घर वर्षभर तुमच्याशी बोलणार नाही.

बाकी उपकरणं स्वस्तात होतात. वीस सेंटिमीटर व्यासाची स्टीलची ताटली घ्या, तिचे चार भाग करा, दोन काळे दोन पांढरे रंगवा, मधे भोक पाडून वजन आणि दोरी बांधा. जेट्टीवरून सोडत जायचं, दिसेनाशी झाली की दोरीची लांबी मोजायची. जुलैत हातभरही दिसत नाही, जानेवारीत किती दिसते ते मुलांना शोधू द्या. खारेपणासाठी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, पण त्याचा आकडा दहा हजारांच्या अलीकडेच संपतो आणि समुद्राचं पाणी पस्तीस हजारांच्या आसपास असतं. म्हणून एक वाटी खाडीचं आणि नऊ वाट्या पावसाचं स्वच्छ पाणी मिसळायचं आणि आलेला आकडा दसपट करायचा. हे न करता मीटर थेट खाडीत बुडवून "मीटर बिघडलाय" म्हणणारे मी पाहिलेत. त्यांत मीही होतो.

आणि गाळ. चिपळूणकरांच्या तोंडी हा शब्द २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर जेवढा आला तेवढा त्याआधी कधी नव्हता. नदीतला गाळ काढा म्हणून लोक उपोषणाला बसले, नदीत यंत्रं उतरली. तुमच्या वर्गात गाळ एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत येतो. पावसाळ्यात दर सोमवारी वहाळाचं पाणी भरायचं, दोन दिवस हलवायचं नाही, तळाशी किती मिलिमीटर बसला ते बाहेरून मोजायचं. एक बाटली जंगलातून येणाऱ्या पऱ्याची, एक रस्त्याचं काम चाललंय तिथल्या ओहोळाची. दोन्ही बाटल्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवा. त्यावर भाषण देऊ नका.

पुराबद्दल मात्र जपून. तुमची मुलं तेव्हा अगदी लहान होती. काहींनी ती रात्र माळ्यावर किंवा गच्चीवर काढली असेल, काहींच्या नातेवाइकांचं दुकान गेलं असेल. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवऱ्याचं धरण फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली. त्यांतलं कुणी तुमच्या वर्गातल्या एखाद्याच्या घरचं असू शकतं. म्हणून पुराचं चित्र काढा, पुरावर निबंध लिहा, असलं काही नको. स्पर्धा तर मुळीच नको. त्याऐवजी मोजा. चिपळुणात आणि खाडीकाठच्या गावांत भिंतींवर २००५ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा अजून दाखवतात. जमिनीपासून उंची मोजायची आणि त्या तारखेची तिथी शोधून भरती किती वाजता होती ते काढायचं. मोजायला काम असलं की मुलं बोलतातही, आणि ज्याला बोलायचं नाही त्याला टेपचं दुसरं टोक धरता येतं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं आहे. दोन्ही पुरांत त्याची पुस्तकं भिजली. सहल काढणार असाल तर तिथे न्या. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्ये या खाडीतल्या बंदरांची माहिती आहे. गलबतं गोवळकोटपर्यंत यायची, हे मुलांना त्याच धक्क्यावर उभं राहून ऐकू द्या.

आता तुमची खरी भीती. लोट्याचे कारखाने आणि खाडीतले मासे. दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षं तक्रार करतायत, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. तुमच्या वर्गात एकाच बाकावर दोन्ही बाजूंची मुलं बसतात. कोण दोषी हे वर्गात ठरवू नका. ते तुमचं काम नाही आणि एका पीएच पट्टीवर ते ठरतही नाही. पण प्रश्न टाळूही नका, कारण मुलं घरी तेच ऐकतात आणि बाई गप्प बसल्या की त्यांना कळतं की इथे काहीतरी आहे. माझा नियम असा होता: वर्गात जे मोजलं ते लिहायचं, जे ऐकलं ते "ऐकलं" म्हणून वेगळ्या पानावर लिहायचं. कधी मेलेले मासे तरंगताना दिसले तर हात लावायचा नाही. तारीख, वेळ, तिथी, भरती की सुकती, कुठल्या जातीचे, पाण्याचा रंग आणि वास, एवढं लिहायचं. फोटो तुम्ही काढा, मुलांनी नाही, आणि तो गटावर टाकायचा नाही. मुख्याध्यापकांच्या सहीने ग्रामपंचायतीला कळवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय चिपळुणातच आहे, त्याची प्रत तिकडे. मंडळ नद्यांच्या पाण्याच्या गुणवत्तेचे आकडे प्रसिद्ध करतं, त्यांत वाशिष्ठीही आहे. ते आकडे वर्गात वाचायला काहीच हरकत नाही, छापील सरकारी आकड्यावर कुणी पालक तुम्हाला जाब विचारणार नाही. आणि कारखान्यात काम करणारा एखादा पालक सांडपाणी कसं शुद्ध करतात ते सांगायला आला, तर जाळं टाकणाऱ्या पालकाला बसवता त्याच खुर्चीवर त्यालाही बसवा.

खारफुटीचं थोडक्यात सांगतो, कारण त्याचं छापील साहित्य भरपूर आहे. वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतोय. त्यांच्याकडे मराठीत माहिती मिळते, पत्र लिहा. पांढरी चिप्पी हा २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे. पण मुलांना आधी तिवराचं पान द्या. उन्हाळ्यात एक पान तोडून उन्हात धरा, पृष्ठभागावर बारीक पांढरे कण चमकतात. बोट फिरवून जिभेला लावा. मीठ. झाड मीठ बाहेर टाकतं हे वाक्य त्यानंतर फळ्यावर लिहा. पक्ष्यांसाठी अर्ली बर्ड या पक्षी-शिक्षण उपक्रमाची मराठी भित्तिपत्रकं मोफत उतरवता येतात, तीही चांगली आहेत. त्या सामन-बीव्हरवाल्या इंग्रजी पानांवरही राग धरू नका, त्यांतले प्रश्न विचारण्याचे ढंग घ्या आणि प्राणी आपले घाला.

तुमच्या खाडीत मगरी आहेत, हे मी सांगायला नको. थंडीत काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, त्या बघायला पर्यटक बोटीतून येतात. म्हणून पाण्यात पाय घालायचा नाही, सुकतीला खाजणात उतरायचं तर गावातला एक जाणता माणूस पुढे आणि एक मागे, आणि पूर्ण सुकतीच्या आधीच परत फिरायचं. मगर कायद्याने संरक्षित आहे, दगड मारणाऱ्या पोराला तेवढं तिथल्या तिथे सांगा. क्षेत्रभेटीची परवानगी लेखी घ्या, पालकांची संमती लेखी घ्या. जून ते सप्टेंबर फक्त जेट्टी आणि परडं, खाजण ऑक्टोबरनंतर.

केंद्रप्रमुखांचा अहवाल राहिला. त्यांना फोटो लागतात, द्या. पण अहवालाला जोडायला बटर पेपरवरचा नकाशा, भरतीचा आलेख आणि शब्दांची वही यांच्या प्रती द्या. वृक्षारोपणाचा फोटो आणि कापडी पिशव्यांचा तक्ता इतर सगळ्या शाळांचा येणारच आहे.

जेट्टीच्या खांबाची पट्टी रंगवायला या अमावास्येची सुकती धरा. सव्वाअकराला भरती म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली, तुमच्या गावात थोडं उशिरा. रंगाला वाळायला तास-दीड तासच मिळेल, म्हणून खांब आधी कोरड्या फडक्याने नीट पुसून घ्यायला सांगा आणि रंगात थोडं टर्पेंटाइन घाला. आणि वहीत "भांग" हा शब्द कुणी आणला, ते मला कळवा.